जूल खटले: व्हेपचं व्यसन लागलेल्या मुलांना नुकसानभरपाई कशी मिळाली? आणि कोर्टात सिद्ध काय झालं?

पेन ड्राइव्हसारखी दिसणारी, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर चार्ज होणारी आणि शाळेच्या दप्तरात सहज लपणारी एक ई-सिगारेट. नाव 'जूल'. जून २०१५ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारात आली आणि पुढच्या साडेसात वर्षांत कंपनीवर पाच हजारांहून जास्त खटले दाखल झाले.

खटले भरणाऱ्यांमध्ये निकोटिनचं व्यसन लागलेली मुलं होती, त्यांचे आईवडील होते, शाळा होत्या, मूळ अमेरिकन जमाती होत्या आणि राज्यांचे ॲटर्नी जनरलही होते. जूलने आणि जूलमध्ये पैसे गुंतवणाऱ्या 'आल्ट्रिया' या बड्या तंबाखू कंपनीने शेवटी कोट्यवधी डॉलर मोजले.

पण यातले जे दोन मोठे खटले ज्युरीसमोर उभे राहिले, ते दोन्ही निकालाच्या आधीच मिटले. त्यामुळे "चौदा वर्षांच्या मुलाला लागलेलं व्यसन, हीच कायद्याने इजा मानायची का?" हा या सगळ्यातला मूळ प्रश्न निकालापर्यंत गेलाच नाही.

मग पैसे कशाच्या आधारे मिळाले? कोणाला मिळाले? आणि भारतात अशी वेळ आली तर पालकांच्या हातात काय आहे? सविस्तर समजून घेऊया.

जूलमध्ये असं वेगळं काय होतं?

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर चालणारी छोटी कॉइल तापते, निकोटिन असलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. म्हणून याला व्हेपिंग म्हणतात.

जूल येण्याआधीही ई-सिगारेट होत्याच. पण त्यातलं निकोटिन घशाला झोंबायचं, ठसका लागायचा. त्यामुळे निकोटिनचं प्रमाण फार वाढवता येत नव्हतं. जूलने निकोटिनमध्ये बेंझोइक ॲसिड मिसळून 'निकोटिन सॉल्ट' वापरलं. याने वाफ सौम्य झाली. घसा खवखवत नाही आणि निकोटिन मात्र झपाट्याने रक्तात उतरतं.

प्रमाण किती होतं, तेही पाहा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाच टक्क्यांच्या जूलमध्ये दर मिलिलिटरमागे सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होतं. युरोपीय महासंघात याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. जूलच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या छोट्या कुपीत, साधारण २० सिगारेटच्या एका पाकिटाइतकं निकोटिन असतं, असं कंपनीच सांगत होती.

पहिल्यांदा सिगारेट ओढणारा मुलगा खोकून खोकून बेजार होतो. अनेक जण तिथेच थांबतात. जूलमध्ये शरीराचा हा नैसर्गिक अडथळाच काढून टाकला होता, हा पुढे खटल्यांमधला एक महत्त्वाचा मुद्दा ठरला.

शाळकरी मुलांपर्यंत ती पोहोचली कशी?

जूल बनवणारे ॲडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी. सिगारेट सोडू न शकणाऱ्या प्रौढांसाठी पर्याय द्यायचा, हा आपला उद्देश असल्याचं ते सांगत आले.

पण २०१५ ची 'व्हेपराइज्ड' ही पहिली जाहिरात मोहीम पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. भडक रंग, नाचणारे तरुण मॉडेल, लाँच पार्ट्या, इन्स्टाग्राम. फ्लेवरमध्ये आंबा, मिंट, काकडी, फळांचं मिश्रण आणि क्रेम ब्रुले. निकेलोडियन आणि कार्टून नेटवर्कसारख्या मुलांच्या वेबसाइटवर जूलच्या जाहिराती लावण्यासाठी जागा विकत घेतली गेली होती, असा आरोप मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० मधल्या दाव्यात केला.

सोशल मीडियाची गंमत अशी की काही काळाने कंपनीला जाहिरात करायचीही गरज उरली नाही. मुलंच वाफेचे व्हिडिओ टाकत होती, मीम बनवत होती, हॅशटॅग चालवत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये जूलने आपलं अमेरिकेतलं इन्स्टाग्राम खातं बंद केलं. तोवर तिची फुकट जाहिरात मुलांच्याच फीडमध्ये फिरत होती.

यात निकोटिन असतं हेच अनेकांना माहीत नव्हतं. 'ट्रुथ इनिशिएटिव्ह' या संस्थेने १५ ते २४ वयोगटात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जूल वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटिन असतं याची कल्पना नव्हती. 'निकोटिन हे व्यसन लावणारं रसायन आहे' असा इशारा ई-सिगारेटच्या पाकिटावर छापणं अमेरिकेत सक्तीचं झालं तेच मुळी ऑगस्ट २०१८ मध्ये.

परिणाम आकड्यांत दिसला. सरकारी पाहणीनुसार २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमधली ११.७ टक्के मुलं ई-सिगारेट वापरत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.८ टक्के आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झालं. म्हणजे दर चौघांत एकाहून जास्त. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी याला 'साथ' म्हटलं.

त्याच महिन्यात मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रियाने १,२८० कोटी डॉलर देऊन जूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा जूलची किंमत ३,८०० कोटी डॉलर धरली गेली होती.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर याची सुनावणी झाली. भारतीय वंशाचे खासदार राजा कृष्णमूर्ती हे या उपसमितीचे अध्यक्ष होते. जूलच्या प्रतिनिधीने आपल्या शाळेत येऊन हे उत्पादन पूर्ण सुरक्षित असल्याचं सांगितलं होतं, अशी साक्ष तिथे विद्यार्थ्यांनी दिली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये एफडीए या औषध आणि तंबाखू नियामक संस्थेने जूलला इशारापत्र पाठवलं. सिगारेटपेक्षा कमी घातक असल्याचा दावा परवानगी न घेता केल्याबद्दल ते पत्र होतं आणि शाळेतल्या या बोलण्याचाही त्यात उल्लेख होता.

खटले कोणी भरले?

बातम्यांमध्ये सगळे खटले 'जूल केस' या एकाच नावाने येतात. प्रत्यक्षात त्यांचे चार वेगळे गट होते आणि प्रत्येकाची मागणी वेगळी होती.

१. व्यक्तिगत इजेचे दावे. ज्यांना व्यसन लागलं किंवा दुसरा काही त्रास झाला, त्यांचे हे दावे. दावेदार अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने आईवडील किंवा पालक खटला भरतात.

२. ग्राहकांचा क्लास ॲक्शन दावा. यात आजारपण सिद्ध करायची गरज नव्हती. "खरी माहिती दिली असती तर आम्ही हे विकत घेतलं नसतं किंवा एवढे पैसे दिले नसते," एवढंच म्हणणं. म्हणजे नुकसान फक्त पैशांचं.

३. शाळा, काउंटी आणि जमातींचे दावे. शाळांचं म्हणणं होतं की स्वच्छतागृहांत व्हेप शोधणारे सेन्सर बसवावे लागले, समुपदेशक नेमावे लागले, शिक्षकांचा वेळ शिस्तीच्या कारवाईत गेला. हा खर्च ज्याच्यामुळे आला त्यानेच तो भरावा.

४. राज्यांचे दावे. ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी. त्यांनी ग्राहक संरक्षण कायद्याचा भंग झाल्याचा आरोप करत दंडाची आणि जाहिरातींवर निर्बंधांची मागणी केली.

कायद्याचा मुद्दा नेमका काय होता?

अमेरिकेत तंबाखू कंपन्यांविरुद्ध खटले नवे नाहीत. पण अनेक दशकं कंपन्यांचं एक उत्तर ठरलेलं असायचं: "सिगारेट वाईट आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. ओढणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने ओढली." ज्युरी बऱ्याचदा हे मान्य करायची.

जूलच्या खटल्यांत हे उत्तर लंगडं पडत होतं, कारण समोर सज्ञान माणूस नव्हता. आठवी-नववीतल्या मुलाने 'मर्जीने' व्यसन स्वीकारलं, असं ज्युरीसमोर म्हणणं कोणत्याही वकिलाला जड जाणार.

दावेदारांच्या वकिलांनी मुख्यतः पाच मुद्दे मांडले:

- सदोष रचना: उत्पादन बिघडलेलं नव्हतं, पण ते ज्या पद्धतीने बनवलं त्यातच दोष होता. निकोटिनचं जास्त प्रमाण, सौम्य वाफ आणि गोड फ्लेवर हे तिन्ही एकत्र आल्यावर नवख्या मुलाला व्यसन लागणारच होतं.
- इशारा न देणं: किती निकोटिन आहे आणि त्याने व्यसन किती लवकर लागतं, हे ग्राहकाला नीट सांगितलं नाही.
- दिशाभूल: सिगारेट सोडवणारं साधन असल्याचा भास निर्माण केला.
- सार्वजनिक उपद्रव: कारखान्याने नदीत घाण सोडली तर जसा सगळ्या गावाला त्रास होतो, तसा हा त्रास सगळ्या समाजाला झाला. शाळा आणि राज्यांनी या मुद्द्यावर भर दिला.
- संगनमत: जूलचे अधिकारी, संचालक आणि आल्ट्रिया यांनी मिळून हा धंदा चालवला. संघटित गुन्हेगारीविरोधी 'रिको' कायद्याचा आधार यासाठी घेतला गेला.

यामागे वैद्यकीय आधारही होता. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात निकोटिन मिळालं तर लक्ष, शिकणं, मनःस्थिती आणि आवेगावरचा ताबा यांच्याशी संबंधित भागांवर परिणाम होऊ शकतो, असं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणा सांगतात. म्हणूनच फुफ्फुसाचा एक्स-रे स्वच्छ असला तरी इजा झालेली आहे, असा युक्तिवाद करता आला.

कंपनीचं म्हणणं काय होतं?

जूलने मुलांना लक्ष्य केल्याचा आरोप कधीच मान्य केला नाही. उत्पादन प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांसाठीच आहे, वयाखालच्या मुलांना विकणं आधीपासूनच बेकायदा होतं आणि दुकानदाराने किंवा मोठ्या मित्राने मुलांना ते दिलं तर त्याला कंपनी जबाबदार कशी, असा तिचा बचाव होता. खटल्यांमध्ये आणखीही अडचणीचे प्रश्न होते. मुलगा जूलसोबत आणखी दोन ब्रँड वापरत असेल, तर व्यसन कोणामुळे लागलं? नैराश्य आधीपासून असेल, तर त्याचा दोष निकोटिनला किती द्यायचा?

हे प्रश्न खोटे नाहीत. प्रत्येक मुलाच्या बाबतीत कार्यकारणभाव वेगळा सिद्ध करावा लागतो आणि व्यक्तिगत दाव्यांचा सगळ्यात कठीण भाग हाच असतो.

फुफ्फुसाच्या आजारामुळे झालेले मृत्यू जूलमुळे होते का?

सोशल मीडियावर आजही याबद्दल गोंधळ आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी संबंधित फुफ्फुसाच्या गंभीर आजाराची लाट आली. त्याला 'इव्हाली' असं नाव पडलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली.

पण बहुतेक रुग्णांनी टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक असलेली व्हेप वापरली होती आणि ती अनेकदा अनधिकृत ठिकाणाहून घेतलेली होती. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातला द्रव तपासला. त्यातल्या ४८ जणांमध्ये व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट रसायन सापडलं. त्यामुळे ही लाट मुख्यतः जूलमुळे आली असं म्हणणं चुकीचं ठरेल.

बॅटरीचा स्फोट होऊन झालेल्या इजांचे दावेही वेगळे. ते बहुधा सुट्या लिथियम-आयन बॅटरी बनवणाऱ्यांवर किंवा विकणाऱ्यांवर होतात. जूलच्या खटल्यांचा गाभा मात्र व्यसन हाच होता.

हजारो खटले एकाच वेळी चालतात कसे?

ऑक्टोबर २०१९ मध्ये देशभरातल्या फेडरल कोर्टांतले जूलचे खटले कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यात न्यायाधीश विल्यम ऑरिक यांच्याकडे एकत्र पाठवण्यात आले. याला मल्टिडिस्ट्रिक्ट लिटिगेशन, थोडक्यात एमडीएल म्हणतात.

क्लास ॲक्शन आणि एमडीएल यांत लोक नेहमी गल्लत करतात. क्लास ॲक्शनमध्ये एक खटला सगळ्यांच्या वतीने चालतो आणि सगळ्यांना एकच निकाल लागू होतो. एमडीएलमध्ये प्रत्येकाचा खटला स्वतंत्रच राहतो. फक्त कागदपत्रं मागवणं, साक्षी घेणं, तज्ज्ञांची तपासणी ही पूर्वतयारी एकदाच होते. जूलच्या अंतर्गत ईमेल आणि जाहिरातीच्या योजना प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या मागवाव्या लागल्या नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

नंतर काही नमुना खटले निवडून आधी चालवतात. त्यांना 'बेलवेदर' म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, तसंच हे. ज्युरी कोणत्या बाजूला झुकते ते दिसलं की दोन्ही पक्षांना तडजोडीचा अंदाज येतो. इथे मात्र नमुना खटल्याचा निकाल यायच्या आतच तडजोडी होत गेल्या.

कोणाला किती मिळालं?

- जून २०२१: नॉर्थ कॅरोलिना राज्याशी ४ कोटी डॉलरची तडजोड. राज्यांपैकी ही पहिली.
- सप्टेंबर २०२२: ३० हून जास्त राज्यं आणि पोर्तो रिको यांच्याशी ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड. पैसे सहा ते दहा वर्षांत द्यायचे.
- डिसेंबर २०२२: सुमारे १० हजार दावेदारांचे पाच हजारांहून जास्त खटले एकाच वेळी मिटले. रक्कम तेव्हा गुप्त ठेवली गेली. ती सुमारे १७० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या अमेरिकी माध्यमांनी दिल्या.
- ग्राहकांचा क्लास ॲक्शन दावा: जूलकडून २५.५ कोटी आणि आल्ट्रियाकडून ४.५५ कोटी डॉलर.
- एप्रिल २०२३: न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासह सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांना ४६.२ कोटी डॉलर.
- एप्रिल २०२३: मिनेसोटाने खटला थेट ज्युरीसमोर नेला. असं करणारं ते पहिलं राज्य. सुमारे तीन आठवडे सुनावणी झाली आणि निकालाआधी जूल आणि आल्ट्रियाने मिळून ६.०५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.
- मे २०२३: सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी आल्ट्रियावर भरलेला खटला ज्युरीपुढे चालू असतानाच आल्ट्रियाने २३.५ कोटी डॉलर देऊन हजारो दावे मिटवायचं मान्य केलं.

या काळात जूलची अवस्था काय झाली, तेही लक्षात घ्या. १,२८० कोटी डॉलरना घेतलेल्या हिश्श्याची किंमत २०२२ च्या अखेरीस आल्ट्रियाने जेमतेम २५ कोटी डॉलर दाखवली. मार्च २०२३ मध्ये तर तिने तो हिस्सा सोडून दिला.

दावेदारांनी तडजोड का केली, याचं एक उत्तर इथे आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली असती तर मुलांना बाकीच्या देणेकऱ्यांसोबत रांगेत उभं राहावं लागलं असतं. खटला जिंकूनही हातात काही न पडण्याचा धोका होता.

एका मुलाच्या हातात प्रत्यक्षात किती पडतं?

एकूण आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ते वाटले जाताना गणित बदलतं.

व्यक्तिगत इजेच्या मोठ्या तडजोडींमध्ये सर्वांना सारखी रक्कम मिळत नाही. वापर कोणत्या वयात सुरू झाला, किती काळ चालला, डॉक्टरांकडे व्यसनाची नोंद आहे का, उपचार घेतले का, दुसरी इजा झाली का, यावर रक्कम ठरते. ज्याच्याकडे वैद्यकीय कागद नाहीत त्याचा दावा कमजोर पडतो. आणि गोम इथेच आहे. घरच्यांपासून लपवून व्हेप ओढणारा मुलगा त्याच काळात डॉक्टरकडे जाऊन व्यसनाची नोंद करून घेत नाही.

मिळालेल्या रकमेतून वकिलांची फी जाते. अमेरिकेत असे वकील आधी पैसे घेत नाहीत. जिंकल्यावर किंवा तडजोड झाल्यावर सहसा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा घेतात. आरोग्य विम्याने उपचारांचा खर्च केला असेल तर विमा कंपनीही आपला वाटा मागू शकते. दावेदार अल्पवयीन असेल तर तडजोडीला अनेकदा कोर्टाची मंजुरी लागते आणि पैसे तो सज्ञान होईपर्यंत राखून ठेवले जातात.

मुदतीचा प्रश्नही असतो. दावा किती वर्षांत करायचा हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. बहुतेक राज्यांत मूल सज्ञान होईपर्यंत ही मुदत मोजायला सुरुवात होत नाही, पण सज्ञान झाल्यावर घड्याळ चालू होतं. जूलच्या ग्राहकांच्या क्लास ॲक्शनमध्ये दावे भरण्याची मुदत २०२४ मध्येच संपली आहे. त्यामुळे "जूल वापरलीय? आजच पैसे मिळवा" असे मेसेज अमेरिकेतल्या नातेवाईकांना पाठवण्याआधी तारीख पाहा.

पैशांशिवाय काय बदललं?

२०२२ च्या राज्यांसोबतच्या तडजोडीतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. जूलच्या जाहिरातीत ३५ वर्षांखालची व्यक्ती दाखवायची नाही. कार्टून वापरायचं नाही. पैसे देऊन इन्फ्लुएन्सर लावायचे नाहीत. होर्डिंग नको, फुकट नमुने नकोत, शाळांमध्ये कार्यक्रम नकोत. ज्या माध्यमाचे किमान ८५ टक्के प्रेक्षक प्रौढ नाहीत, तिथे जाहिरात नको.

१९९८ मध्ये सिगारेट कंपन्या आणि ४६ राज्यांत झालेल्या 'मास्टर सेटलमेंट'मध्येही कार्टून आणि होर्डिंगवर अशीच बंदी आली होती. पण तो करार सिगारेट कंपन्यांपुरता होता. जूल २०१५ मध्ये आली तेव्हा या अटी तिला लागू नव्हत्या.

कायदेही बदलले. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत तंबाखू आणि ई-सिगारेट खरेदीचं किमान वय २१ झालं. मुलांमधला वापरही घसरला. २०१९ मध्ये माध्यमिक आणि हायस्कूल मिळून ५० लाखांहून जास्त मुलं ई-सिगारेट वापरत होती. २०२४ मध्ये हा आकडा १६.३ लाखांवर आला. या घसरणीचं सगळं श्रेय खटल्यांना देता येणार नाही. वयाची अट, फ्लेवरवरचे निर्बंध, कोविडकाळात बंद राहिलेल्या शाळा आणि जनजागृती यांचाही त्यात वाटा धरावा लागतो.

म्हणजे प्रश्न सुटला का?

नाही. मुलं जूलवरून वापरून फेकायच्या डिस्पोजेबल व्हेपकडे वळली. पफ बार, एल्फ बार, गीक बार अशी नावं पुढे आली. यातली अनेक उपकरणं चीनमध्ये बनतात. कंपनी परदेशात, नावं सतत बदलणारी, मग खटला भरायचा कोणावर? न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा व्हेपच्या व्यवसायातल्या १३ कंपन्यांवर खटला भरला. त्यात वितरक आणि विक्रेतेही आहेत, म्हणजे माल ज्यांच्या हातून जातो त्यांनाच धरायचं.

जूल स्वतः अजून बाजारात आहे. जून २०२२ मध्ये एफडीएने तिच्या विक्रीला मनाई केली होती, पण त्या आदेशाला लगेच स्थगिती मिळाली आणि २०२४ मध्ये एफडीएने तो मागे घेतला. जुलै २०२५ मध्ये जूलच्या तंबाखू आणि मेन्थॉल फ्लेवरना अधिकृत परवानगी मिळाली. सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना होणारा फायदा जोखमीपेक्षा जास्त आहे, असा त्यामागचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ जूल सुरक्षित आहे असा होत नाही, हे एफडीएनेही स्पष्ट केलं आहे.

भारतात असा दावा करता येईल का?

भारताने वेगळा रस्ता घेतला. जूल भारतात येण्याच्या तयारीत असतानाच १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने ई-सिगारेटवर वटहुकूमाने बंदी आणली आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात हे सगळं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या वापरासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही.

तरीही मुंबई-पुण्यात ई-सिगारेटचे साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. म्हणजे माल येतो आणि मुलांच्या हातात पडतो.

नुकसानभरपाईसाठी कागदावर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८२ ते ८७ मध्ये सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यावर टाकली आहे. ग्राहक अल्पवयीन असेल तर आईवडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

अडचण व्यवहारात आहे. जूलवर खटला भरता आला, कारण जूलचं ऑफिस होतं, ईमेल होते, बँक खातं होतं आणि मागे आल्ट्रियासारखी श्रीमंत कंपनी होती. चोरून आलेल्या व्हेपला बिल नसतं, उत्पादकाचा पत्ता खरा असेलच असं नाही आणि विकणारा उद्या दुकान बदलतो. बंदीमुळे मुलांपर्यंत माल पोहोचणं अवघड होतं हे खरं. पण पोहोचला आणि इजा झाली, तर भरपाई मागायला समोर कोणी सापडत नाही.

मग या खटल्यांतून हाती काय लागलं?

राज्यांना निधी मिळाला, शाळांना खर्चाचा काही भाग परत मिळाला, हजारो तरुणांना भरपाई मिळाली आणि कंपनीच्या आतली कागदपत्रं उजेडात आली. मुलाला व्यसन लावणं महागात पडू शकतं, हे कंपन्यांना कळलं.

मात्र तडजोड म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. मुलाला लागलेलं व्यसन हीच इजा, असा ज्युरीचा निकाल या खटल्यांतून आला नाही. पुढच्या ब्रँडवर खटला भरणाऱ्या कुटुंबाला तो मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. आणि त्या वेळी त्यांच्या बाजूने सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो डॉक्टरांकडचा तारीख घातलेला कागद. घरात मूल व्हेप ओढताना सापडलं, तर ओरडून ते फेकून देण्याआधी त्याला डॉक्टरांकडे नेणं उपचारांसाठी तर गरजेचं आहेच. उद्या कधी कोर्टात जायची वेळ आली, तर दाव्याची सुरुवातही त्याच कागदापासून होईल.